मामांची अकरा मिनिटं

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या मामांनी आपल्या भाचीचं नाव ‘घाई’ ठेवलं होतं आणि ते तिला अगदी शोभत होतं. चहा निवायची वाट तिने जन्मात पाहिली नाही. जीभ पोळून घ्यायची, पण थांबायची नाही. अशी ही घाई क्रिप्टोचं, म्हणजे आभासी चलनाचं, वॉलेट बनवणाऱ्या कंपनीत प्रोग्रामर होती. भाचीचंच वॉलेट म्हणून मामांनी दुकान विकून आलेले पैसे डोळे मिटून त्यात ठेवले होते.

आणि मामांचा फोन बिघडला. नव्या फोनवर वॉलेट उघडायला सुरुवातीलाच लिहून घेतलेले बारा गुप्त शब्द क्रमाने टाकावे लागतात. मामांनी ते नऊ वेळा टाकले. वॉलेट नऊही वेळा म्हणालं, शब्द चुकीचे.

“लिहून घेतानाच चुकले असणार. वय झालं की होतं असं,” घाईचे साहेब म्हणाले. मामांनी एकवेळ पैशांवर पाणी सोडलं असतं. पण “माझंच डोकं चालेनासं झालं गं,” असं म्हणून त्यांनी अवजारांची पेटी माळ्यावर टाकली, तेव्हा मात्र घाईला राहवलं नाही.

दुसऱ्याच दिवशी तिने त्यांना ऑफिसात आणून बसवलं. “टाका माझ्यासमोर.”

“आधी तिकडे तोंड कर. गुप्त म्हणजे गुप्त,” मामा कागदावर तळहात ठेवत म्हणाले.

घाई पाठ करून बसली. मामांनी एक शब्द टाकला, चष्मा पुसला, कागदाशी ताडून पाहिलं, पुन्हा ताडून पाहिलं. मग दुसरा शब्द. घाईच्या पायांना मुंग्या कसल्या, वारुळंच आली! अखेर मामा “झालं” म्हणाले, वॉलेट दहाव्यांदा “शब्द चुकीचे” म्हणालं, तेव्हा तिने घड्याळ पाहिलं. अकरा मिनिटं! ऑफिसातली मंडळी चाचणी घेताना हेच काम वीस सेकंदांत उरकायची.

आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अर्धवट टाकलेले शब्द कुणाच्या हाती लागू नयेत म्हणून दहा मिनिटांनी वॉलेट ते विसरत असे. ही दहा मिनिटं शेवटचं अक्षर टाकल्यापासून मोजायला हवी होती. मोजली जात होती स्क्रीन उघडल्यापासून! समोर शब्द दिसत राहायचे आणि आत सगळी पाटी कोरी. प्रोग्राममधली ती ओळ लिहिली होती खुद्द घाईबाईंनी, जेवायला पळायच्या गडबडीत.

“मामा, चूक माझी! माझी! माझी!” ती खुर्चीसकट गरगर फिरली. आपला गुन्हा इतक्या आनंदाने कुणी कबूल केला नसेल.

ओळ दुरुस्त झाली. मामा पुन्हा बसले. या वेळी साहेबांसकट अख्खं ऑफिस पाठ करून, श्वास रोखून उभं होतं. बारा मिनिटं लागली. मामांनी चष्मा मुद्दाम जास्त वेळा पुसला, असा घाईचा अजूनही संशय आहे. वॉलेट उघडलं! टाळ्या, शिट्ट्या, कुणीतरी तर कचऱ्याची बादलीच बडवली.

मामांनी पैशांच्या आकड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते साहेबांच्या मनगटाकडे पाहत होते.

“तुमचं घड्याळ बंद आहे. द्या इकडे. घाई, घरी गेल्यावर माळ्यावरची पेटी काढ.”

“किती वेळ लागेल?” साहेबांनी घड्याळ काढून देत विचारलं.

“लागेल तेवढा,” मामा म्हणाले आणि चष्मा पुसू लागले.