सभेत मंजूर झालेली पाणंद

माझ्या टेबलावर 'जनसंपर्क' अशी पाटी होती आणि समोरच्या खुर्चीत बहुतेक वेळा माझे थोरले चुलतेच बसलेले असायचे. त्यांना सगळे तात्या म्हणत. बारामतीहून इंदापूरकडे जाताना कॅनॉलच्या कडेला आमची वस्ती. तिच्या शेजारीच नव्वदच्या दशकात एक मोठी कंपनी येऊन बसली आणि मला तिथं नोकरी लागली. सकाळचं दूध डेअरीत घातलं की तात्या बाहेर सायकल लावायचे, माझ्यासमोर पंख्याखाली टेकायचे आणि विचारायचे, "काय म्हणतीया तुझी कंपनी?" त्या प्रश्नाची मला अजून फार आठवण येते.

मुंबईहून जे इंग्रजी येईल त्याचं मराठी करायचं आणि ते गेटवरच्या फलकावर लावायचं, हे माझं काम. 'आमचे शेजारी हीच आमची शक्ती' हे वाक्य माझंच. ते झळकलं आणि थोड्याच दिवसांत बाजूच्या गेटला कुलूप पडलं.

त्या गेटातून आमची पाणंद जायची, म्हणजे वस्तीवरून रानात जाणारी जुनी गाडीवाट. कुंपण घालताना कंपनीने ती आत घेतली. आधी जाऊयेऊ दिलं, मग सुरक्षेचं कारण काढलं. बैलगाडीला कॅनॉलच्या पुलावरून लांबचा वळसा पडू लागला. डोक्यावर वैरणीचे भारे घेऊन बायका तेवढंच अंतर चालायच्या. तात्यांचे गुडघे तेव्हाच कुरकुरत होते. "पाणंद गेली म्हंजी माझं रानच गेलं की," ते म्हणायचे. मी त्यांचं गाऱ्हाणं वर कळवायची. वरून उत्तर यायचं, आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे. ते मराठीत करून तात्यांना ऐकवताना मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पुतणी कामाला आहे म्हणून तात्यांनी कंपनीचे थोडे शेअर घेतले होते. वस्तीवरच्या आणखी दोघांनी त्यांचं बघून घेतले. एके दिवशी त्यांना वार्षिक सभेचं बोलावणं आलं. असली बोलावणी लोक रद्दीत टाकतात. पण तात्या जन्माचे साखर कारखान्याचे सभासद. वार्षिक सभेला गेलं नाही तर सभासद कसले, हा त्यांचा हिशेब. कारखान्याच्या सभेत मांडवाखाली हजारो माणसं बसतात, एकेक विषय वाचला जातो, खालून "मंजूर, मंजूर" असा गजर होतो आणि मंजूर झालं ते झालं. तात्यांनी पांढरा फेटा परीट घडीचा करून घेतला आणि मला रजा टाकायला लावली. आम्ही चौघं मुंबईला निघालो.

हॉल गार होता, खुर्च्या मऊ. स्टेजवर चेअरमन आणि त्यांच्या दोन्ही अंगांना कोटवाले संचालक. भांडवलाचं, नफ्याचं, भविष्याचं भाषण झालं. मग प्रश्न विचारायची वेळ आली. दोघं-तिघं इंग्रजीत बोलले. तेवढ्यात तात्यांनी जाऊन माइक धरला.

"साहेब, आमी तुमचं शेजारी. तुमच्या गेटानं आमची पाणंद अडलीया. आमाला रानात जायला वाट न्हाय. तेवढं गेट उघडा, दुसरं काय मागनं न्हाय."

चेअरमन मोकळे हसले आणि मोडक्या मराठीत म्हणाले, "बरोबर आहे. वाट पाहिजेच. करू आपण."

"मंजूर," तात्या माइकवरच म्हणाले. मागून आमचे दोघं ओरडले, "मंजूर, मंजूर." हॉलमध्ये हशा पिकला, थोड्या टाळ्याही पडल्या. तात्या निवांत येऊन बसले. त्यांच्या लेखी विषय संपला होता.

गावी परतल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी ते बैलगाडी जुंपून गेटावर हजर झाले. वॉचमन शेजारच्या गावचा. तात्या त्याला म्हणाले, "सभेत ठराव झालाय. चेअरमननी स्वतः शब्द दिलाय." वॉचमनही कारखान्याचा सभासद. ठराव म्हणजे काय ते त्याला शिकवावं लागलं नाही. त्याने कुलूप काढलं.

आमचे मॅनेजर धावत आले. परमुलखातला भला माणूस, पण भित्रा. त्यांनी मला विचारलं, चेअरमन खरंच असं म्हणाले का? मी म्हटलं, माइकवर म्हणाले, सगळ्यांसमोर म्हणाले. त्यांनी फोन उचलला आणि परत जागेवर ठेवला. चेअरमनसाहेबांनी सभेत दिलेला शब्द खरा धरायचा का, हे मुंबईला विचारायची छाती आमच्या ऑफिसात कुणाची नव्हती. गेट उघडं राहिलं. वस्तीवर त्या दिवशी पुरणाची पोळी झाली आणि मॅनेजरांनाही डबा गेला.

पुढच्या वर्षी तात्या पुन्हा निघाले. मी म्हटलं, आता काय मागायचंय? "मागायचं काय न्हाय. काम झाल्यावर तोंड दावाया जायाचं असतंय." बरोबर मला घेतलं आणि पिशवीभर डाळिंबं, एकेक निवडून.

सभा संपल्यावर चहाच्या गर्दीतून वाट काढत ते चेअरमनांपुढे उभे राहिले. "साहेब, गेट उघडलं बरं का. लई उपकार झालं."

चेअरमन तसेच मोकळे हसले. "अरे वा. कुठलं गेट?"

तात्यांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं आणि डाळिंबांची पिशवी पुढे केली. "छान, छान," चेअरमन म्हणाले, पिशवी शेजारच्या माणसाच्या हातात दिली आणि दुसऱ्या कुणाकडे वळले. मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. ती डाळिंबं परत मागून घ्यावीत असं वाटलं.

परतीच्या एसटीत तात्या खिडकीशी बसले होते. पाटस आलं. मी समजूत घालायला तोंड उघडणार, तोच ते माझ्याकडे सरकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "पोरी, त्येंच्या ध्यानात न्हाय, ही गोष्ट गावात कुनाला सांगू नगंस. मॅनेजरला तर मुळीच न्हाय. न्हायतर उद्या गेट लावत्याल."