दहा कागद, एकच पाळी

मी चंद्रपुरात कॉम्प्युटर शिकवतो. याचा गावाला कधीतरी त्रास होणारच होता. चामोर्शीकडच्या आमच्या गावात पाऊस लवकर गेला, धान गर्भात, लोंबी फुटायच्या आधी, आणि तलाव अर्धा. पाण्याच्या पाळ्या चिठ्ठ्या टाकून ठरत. मी छाती काढून म्हणालो, यंदा माझा प्रोग्राम ठरवेल.

पाळ्यांचे शंभर आराखडे वाटेल तसे मांडायचे. पाणी वाचवणाऱ्याला, धान जगवणाऱ्याला गुण द्यायचे आणि चांगल्यांच्या जोड्या लावून पुढची पिढी काढायची. मी दर पिढीत पहिले दहाच ठेवले, बाकी कापले. बाराव्या पिढीला शंभरही सारखे. याच चुकीसाठी मी पोरांचे गुण कापतो. पण इथे मला ते एकमत वाटलं. गावाला निवडीला वाव हवा म्हणून त्यातले दहा छापले. वाचले मात्र नाहीत.

सभेत पाटाच्या शेवटच्या बांधीची, म्हणजे धानाच्या तुकड्याची, मालकीण पुढेच बसली होती. आमचं तिच्याशी धुऱ्यावरून, शेताच्या हद्दीच्या बांधावरून, जुनं भांडण. मी दिसलो की ती थुंकायची. तिची ती एकच बांधी, भेगाळलेली. तिने दहाही कागद ओळीने जमिनीवर मांडले.

"दहाही कागदावर मी शेवटी, नवव्या दिवशी. तवरिक मायं धान वाळून तणस होऊन जाते. धुऱ्याचा राग काढून राह्यला का?"

पहिली पाळी आमची होती, त्यामुळे लोकही माझ्याकडे त्याच संशयाने बघत होते. मी म्हणालो, मशीननं ठरवलं.

"मले वर ठेवणारे कागद कुठी गेले?"

थोडे गुण कमी पडले म्हणून सुरुवातीलाच गेले, मी सांगितलं.

"मंग त्यायले मारलं काऊन? थोडे दिवस जगू द्याचे होते."

मी तिथेच लॅपटॉप उघडला. एकसारख्या आराखड्यांचे गुण आपसात वाटून कमी केले, काही कच्चे मुद्दाम राखले, मधूनमधून एखादी पाळी उगाच उलटवली. तासाभरात दहा खरोखर वेगळे निघाले. त्यातला सर्वांत चांगला पाटाच्या शेवटाकडून वर येणारा होता. पाणी जरा जास्त लागत होतं, पण एकही बांधी वाळत नव्हती. गावाने तोच धरला. तिची पाळी पहिली, आमची शेवटची; आमच्या बांधीला तलावाचा पाझर होता.

"तू कोणाच्या घरचा आहेस?" घरची शेती बघणाऱ्या माझ्या दादाने सगळ्यांसमोर विचारलं. आमचं धान चांगलं पिकलं, तरी त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही.

तिचंही पिकलं. मी दिसलो की ती आता थुंकत नाही. विचारते, "आज किती मारले, मास्तर?"