खिशातला पंप

सदर बाजारातल्या जडीबुटीवाल्याला खूश करायला मी थाप मारली, की तुमच्या चूर्णाने माझा दमा गेला, पंप फेकून दिला. पंप माझ्या खिशातच होता.

त्यांचं नाव मला अजून ठाऊक नाही. बरणी उघडली की ते आधी स्वतः हुंगतात, मग गिऱ्हाइकाला हुंगवतात, आणि सबंध वेळ त्यांचा डावा पाय हलत असतो. कौतुक केलं की "हव, हव" म्हणत अडुळशाच्या गुणांवर घसरतात.

त्या दिवशी मात्र पाय थांबला. बांधलेली पुडी सोडून त्यांनी चूर्ण परत बरणीत ओतलं.

"पंप काहून फेकला? डॉक्टरले विचारलं? चूर्ण पंपाच्या जागी नाही देत मी!"

मी सारवासारव करणार, तोच रस्त्यावरच्या स्कुटरांचा धूर आत आला आणि माझी छाती वाजू लागली. पंप काढावा तर थाप उघडी पडणार, म्हणून मी नुसता उभा राहिलो. ते धावत आले, माझे खिसे चाचपले, पंप काढून माझ्या तोंडाशी धरला.

दोन फवाऱ्यांनी मी सावरलो. त्यांचा पाय पुन्हा हलू लागला.

"श्वास पुरत नाही, तं खोटं काहून बोलून राहिले, भाऊ?"