कोणती गाठ?

पोंभुर्ण्यात खैरुनबीच्या हातात टेप कधी कोणी पाहिला नाही. ती दोऱ्याने माप घ्यायची. बाईच्या छातीभोवती दोरा फिरवायचा, टोक भेटेल तिथे गाठ मारायची आणि दोरा खुंटीला टांगायचा. अक्षर ओळखीचं नव्हतं, पण कोणता दोरा कोणाचा हे ती नुसता हात लावून सांगायची. नवरा इनायत आलापल्लीच्या जंगलात लाकूड मोजायला गेला आणि तिथेच तापाने वारला. मूलबाळ नाही. तेव्हापासून ती गावाच्या चोळ्या शिवायची.

तिच्या ओसरीवर आम्हा बायकांची गर्दी असायची. सासूचा कान नाही की नवऱ्याचा डोळा नाही, पोटातलं ओठावर आणायला गावात दुसरी जागाच नव्हती.

त्रेपन्न सालच्या दिवाळीआधी माझी चुलतसासू शकुबाई तिच्याकडे गेली. पन्नाशीची, मितभाषी बाई. इकडेतिकडे पाहून म्हणाली, "खैरुनबी, गाठ टोचते वो."

आमच्या चोळीला पुढे गाठ मारतात. खैरुनबीने टोकं बोटभर लांब ठेवून नवी चोळी शिवली, म्हणजे गाठ खाली येईल. संक्रांतीला शकुबाई पुन्हा गेली आणि पुन्हा तेच म्हणाली. या वेळी खैरुनबीने गाठ कडेला घेतली. शकुबाईला वाटलं, आपण सांगितलं. खैरुनबीला वाटलं, आपण ऐकलं. लाजेपायी दोघींपैकी एकीनेही एक शब्द जास्त खर्च केला नाही.

उन्हाळ्यात चोळीला डाग पडू लागले, तेव्हा शकुबाईला बैलबंडीत घालून चांद्याच्या दवाखान्यात नेलं. सोबत खैरुनबी होती. ही गाठ आधी कोणाला कळली होती का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. खैरुनबी म्हणाली, "मले. दोन डाव सांगतलं तिनं मले."

मृग लागायच्या आत शकुबाई गेली.

डॉक्टरीणबाईंकडून खैरुनबी बोटांनी तपासायला शिकून आली होती. आता दोरा काढायच्या आधी ती प्रत्येकीला विचारायची, गाठ टोचते का, आणि कोणती गाठ? पहिल्या चोळीला आलेली पोर छातीत दुखतं म्हणून भेदरलेली असे. तिला सांगायची, हे वयाचं आहे, भिऊ नको. अंगावर पाजणारीला म्हणायची, शेक दे, लेकराला पाजत राहा, पण आठ दिवसांत गाठ बसली नाही तर चांद्याला जा. पोरंबाळं मोठी झालेल्या बायांना मात्र ती तपासल्याशिवाय उठू देत नसे.

गाव बिथरलं. तिने हात लावला की रोग जडतो, असं रुखमाबाईने पाणवठ्यावर सांगितलं आणि आम्हा शहाण्यांना ते पटलं. एकेक बाई मूल गावच्या शिंप्याकडून चोळ्या आणू लागली. मीही आणली. माझा दोरा तिच्या खुंटीवर आणि मी तिच्या दारावरून मान खाली घालून जायची. आज लाज वाटते, पण तेव्हा वाटली नाही.

शेवटी एकटी आशाबाई जायची. चाळिशीची. तिला तपासताना खैरुनबीच्या बोटांना वालाच्या दाण्याएवढी गाठ लागली. तिचा नवरा गुणवंतराव ऐकून घेईना. खैरुनबी तीनदा त्याच्या दारात गेली आणि तीनदा बोलणी खाऊन आली. चौथ्यांदा गेली तेव्हा म्हणाली, "शकुबाईच्या डावी मी समजली नाई. तुमी समजून घ्या, भाऊ." गुणवंतराव आशाबाईला नागपूरला घेऊन गेला.

चार महिने त्यांची खबर नव्हती. गावाने आशाबाईला कधीच मारून टाकलं होतं आणि पाप खैरुनबीच्या माथी मारलं होतं. तिच्या ओसरीवर पाखरूही येत नव्हतं. माझं घर लागूनच. भिंतीपलीकडून मला तिचा आवाज यायचा, एकेका दोऱ्याला नावाने हाक मारून ती ख्यालीखुशाली विचारायची. एक दिवस माझंही नाव ऐकलं. तरी मी गेले नाही.

फागुनात आशाबाई आली. जिवंत, वाळलेली, पदर घट्ट ओढून. त्याच दुपारी ती खैरुनबीकडे गेली. पुढचं आशाबाईनेच मला सांगितलं.

"एक बाजू सपाट शिवजा," ती म्हणाली.

खैरुनबीने नवा दोरा घेतला, माप घेतलं, दुसरी बाजू नीट तपासली. आशाबाईने सहज विचारलं, "सगळ्यायचं तुमी पाह्यता. तुमचं कोन पाह्यते?"

खैरुनबीने खुंटीकडे पाहिलं. तिथे तिचा स्वतःचा दोरा नव्हताच. म्हणाली, "कोन पाह्यीन?"

आशाबाईने दार लोटलं, तिला खाली बसवलं आणि खैरुनबीनेच शिकवल्यासारखं बोटांनी हळूहळू तपासलं. खैरुनबीने डोळे मिटले होते. इनायत गेल्याला नऊ वर्षं झाली होती; तेवढ्या काळात तिच्या अंगाला कोणाचा हात लागला नव्हता.

"काई नाई, खैरुनबी. साफ आहे."

"नसन," खैरुनबी डोळे न उघडता म्हणाली, "तरी अजून एक डाव पाह्य."

आशाबाईने पुन्हा पाहिलं.