शाप पाहिजे, अस्सल पेडण्याचा!

आमच्या गेममध्ये आजवर जेवढे राक्षस मेले नसतील, तेवढे किस्से जन्माला आले आहेत! राक्षस एकदा मेला की संपला. किश्श्याचं तसं नाही. तो रविवारी आमच्यात घडतो, सोमवारी नंदूच्या बसमध्ये चढतो आणि मंगळवारी माझ्याच दुकानात येऊन कोणीतरी तो मलाच सांगतं, तोही तिखटमीठ लावून! म्हणून म्हटलं, निदान एकदा तरी मूळ प्रत ऐकवावी.

आम्ही चौघं. मी अनघा, पेडण्याला माझं औषधांचं दुकान आहे. नंदू मूळचा बांद्याचा, पणजीच्या खाजगी बसवर कंडक्टर. दत्ता मुळगावचा. आधी खाणीवर टिप्पर चालवायचा, आता स्वतःची पिकअप चालवतो. आणि रोहिणी डिचोलीच्या एका शाळेत शिकवते. दर रविवारी दुपारी आम्ही गोष्टीचा खेळ खेळतो. प्रत्येकानं एक पात्र व्हायचं, कोणी योद्धा, कोणी जादूगार. मी गेम मास्टर, म्हणजे गोष्ट रचणारी. पुढे काय संकट आलं ते मी सांगायचं, त्यावर काय करायचं ते त्यांनी ठरवायचं, आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंचा एक फासा सांगणार. नंदू मला 'मास्तरीण' म्हणतो. खेळाच्या ह्या लांबलचक गोष्टीला इंग्रजीत 'कॅम्पेन' म्हणतात, आणि पहिला घोटाळा तिथेच झाला.

*

पंचायतीची निवडणूक तोंडावर होती. नंदूनं भर बसमध्ये ड्रायव्हरला सांगितलं, "रविवारी माका सुटी होयी. अनघाचां कॅम्पेन आसा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतले एक आजोबा दुकानात हजर. "बाय, हुबी ऱ्हवलंस, नि आमका सांगलंस पण नाय?" मी काही बोलायच्या आत त्यांनी आपल्या दारातला विजेचा खांब कसा कलंडलाय ते हाताचा कोन करून दाखवलं. मी परोपरीनं समजावलं, पण आजोबा काही केल्या ऐकेनात.

रविवारी ते खेळाच्या जागीच आले. नेमका तेव्हा आमचा योद्धा, म्हणजे नंदू, खुर्चीवर चढून खाणीतल्या बुटक्यांना सांगत होता, "भावांनो, आमी तुमका गुलामगिरीतसून सोडवतलों!" आजोबांनी टाळ्या वाजवल्या. जाताना मात्र मला बाजूला घेऊन म्हणाले, "भाषण बरां करता. पण खांब्याचां नाव काढूक नाय!"

*

मला माझ्या रचनांचा फार अभिमान. पहिल्या लढाईसाठी मी एक अवाढव्य राक्षस घडवला होता. नदीच्या पुलावर, दोन राज्यांच्या सीमेवर तो बसलेला. त्याची ताकद, त्याची गदा, त्याचा दुखरा गुडघा, सगळं ठरवलेलं. अख्खा रविवार तो पुरणार होता.

मी आवाज घोगरा करून वर्णन केलं. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मला वाटलं, घाबरले!

नंदू हळूच म्हणाला, "शिमेवर बसलो हा? मगे तो राखणदार! त्याका खंय मारतत?"

दत्तानं लगेच, वेशीवरच्या देवाला ठेवतात तसा, खेळातल्या पुलापाशी नारळ ठेवला, रोट म्हणजे जाड भाकर ठेवली, वर एक विडी ठेवली. तिघांनी हात जोडले. मी म्हटलं, "अरे, हा राक्षस आहे! ह्याला विडीचं काय?" तर रोहिणी, जी नियमांचं पुस्तक सोडून एक अक्षर बोलत नाही, ती चष्मा वर करून म्हणाली, "विडी चालत नाही असं नियमात कुठे लिहिलंय?"

काय करणार! राक्षसानं विडी ओढली आणि वाट दिली. चहा यायच्या आत माझा रविवार संपला होता.

*

मग मी ठरवलं, आता मारामारी नको. आता शाप! अख्ख्या राज्यावर एक शाप, आणि तो कसा सुटेल हीच गोष्ट. आठवडाभर डोकं खाजवून मी ओळ लिहिली आणि रविवारी उभी राहून म्हटली, "ह्या राज्यावर काळोख पसरो!"

"म्हणजे वीज गेली?" दत्ता म्हणाला. "ती आमगेर सदांच वता!"

"मेणबत्त्या घेऊ या," रोहिणी म्हणाली. नंदूनं तर जांभईच दिली.

आम्ही खेळतो ते सुमनमावशीच्या सोप्यावर. ती माझी शेजारीण. घरात एकटीच असते, सोपा ऐसपैस आणि वारा छान, म्हणून तिनंच आम्हाला बोलावून घेतलं. ती आत नारळ खवत असते आणि कान बाहेर असतात. तर आतून आवाज आला, "अगो, हो शाप न्हय, हवामानाचो अंदाज!"

*

मावशीचं म्हणणं मानायलाच हवं होतं. शाप ह्या विषयात पेडण्यात तिचा शब्द शेवटचा! एकदा हात दाखवूनही बस थांबली नाही, तर मावशी मागून काहीतरी पुटपुटली. बस पुढच्या चढावर बंद. बस नंदूची होती. तेव्हापासून मावशी नुसती दाराबाहेर दिसली तरी तो शिटी मारून बस थांबवतो. ती म्हणते, "मेल्या, मी कपडे वाळत घालतंय!"

मी तिला म्हटलं, "मावशी, गेमसाठी एक शाप दे ना करून."

"फुकटचो शाप लागणा नाय गो. आधी पोटात जळूक होयां, मगे तोंडातसून भायर येता. तू माझां काय तरी वायट कर."

आता आली का पंचाईत! मी तिची अबोली तोडली. ती म्हणाली, "तोडलंस ती तोडलंस, आता केसात तरी माळ!" आणि दोरा आणून दिला. नंदूनं न विचारता तिच्या डब्यातले लाडू खाल्ले. तर तिनं डबाच त्याच्यापुढे सरकवला.

शेवटी काम झालं ते चुकून. दत्ता अंगणात पिकअप मागे घेत होता आणि नंदू सवयीनं मागे उभा राहून ओरडत होता, "येवं दे, येवं दे, येवं दे..." आणि गाडी सरळ मावशीच्या वाळत घातलेल्या सोलांवर! वर्षभराचं कोकम चाकाखाली!

मावशी दारात आली. कमरेवर हात. आणि सुटली. "तुमचां पान वाढलेलां ऱ्हवतलां, पण घास तोंडापर्यंत पावाचो नाय! समोरासमोर बसतल्यात, पण एकामेकाक हाक मारूक शब्द गावाचो नाय!"

अंगावर काटा आला! रोहिणीनं फोनवर सगळं रेकॉर्ड करून घेतलं आणि आनंदानं उडी मारली, "मिळाला! शाप मिळाला!"

नंदूनं आणि मी मात्र उडी मारली नाही. मावशी पाठ फिरवून आत गेली होती.

*

रोहिणी डिचोलीची, तिला माहीत नव्हतं. पेडण्यात सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. मावशीची धाकटी बहीण शालू नदीपलीकडे तेरेखोलला दिलेली. एका दुपारी मावशी तिच्याकडे जेवायला गेली. शालूनं बांगड्याचं हुमण, म्हणजे माशाची आमटी, वाढलं; त्यात तिरफळं लागतातच. मावशी म्हणाली, "तेफळां नाय घातलंस?" शालू म्हणाली, "आवयच्या हातची चव तुका तरी खंय गावली?"

बस! एवढ्यावर मावशी भरल्या पानावरून उठली. "तुझ्या घरचां हुमण परत माझ्या तोंडाक लागाचां नाय!" म्हणाली आणि फेरीबोटीत बसून निघून आली. त्यानंतर तिनं पुन्हा त्या फेरीबोटीत पाय ठेवला नाही. शालूही इकडे आली नाही. दोघींच्या मुलांच्या लग्नात दोघी दोन टोकांना बसल्या. वाढलेलं पान, न पोचलेला घास, न सापडलेली हाक. मावशीनं शाप आम्हाला दिला होता, पण तो घरचाच होता.

रोहिणी म्हणाली, "मग हा नको वापरूया." मलाही तसंच वाटलं. पण आतून मावशी ओरडली, "दिलो तो दिलो! आता वापरा!"

*

आणि काय रंगलं म्हणून सांगू कॅम्पेन! एक गाव, तिथं प्रत्येक घरात पानं वाढलेली आणि कोणी जेवू शकत नाही. आईसमोर लेक, पण हाक फुटत नाही. शाप देणारी चेटकीण डोंगरावर, आणि तो सुटणार कसा ते फक्त मला ठाऊक! नंदूला तर दुसरं काही सुचेना. विचार करता करता शिटी मारायची राहिली आणि म्हापशाला उतरणारी माणसं पर्वरीपर्यंत गेली. ती भांडायला उठली, तेव्हा त्यानं कारण सांगितलं. भांडण जागच्या जागी थांबलं आणि बसमध्ये दोन पार्ट्या पडल्या. अर्धे म्हणाले चेटकिणीला मारा, अर्धे म्हणाले तिची ओटी भरा!

माझ्या दुकानात तर लोक रक्तदाबाची गोळी मागायच्या आधी विचारायचे, "जेवली काय गो ती माणसां?"

*

अशात दत्ताची दाढ सुजली. गाल हा एवढा! घास म्हणून तोंडात जाईना. मी गोळ्या दिल्या, डेंटिस्टकडे धाडलं. पण बातमी मावशीला कळली आणि तिचा चेहरा उतरला.

"माझी जीभ काळी गो बाये. मी माझ्या सोलांचां घेऊन बसलंय, नि पोर उपाशी!"

तिनं दत्ताला कदेलावर, म्हणजे खुर्चीवर, बसवलं. मीठ-मिरची ओवाळून चुलीत टाकली. घरभर ठसका! दुसऱ्या दिवशी दत्ता भाजीबरोबर चार पाव खाऊन गेला. रोहिणी म्हणाली, "गोळ्यांनी सूज उतरली." मी दोघींना होकार दिला. दुकान चालवायचं असतं.

पण मावशीचं समाधान झालं नव्हतं. भांडी घासता घासता तिनं मला विचारलं, "नि ती गेमातली माणसां?"

"ती अजून उपाशीच आहेत, मावशी."

"पोरांसकट?"

"पोरांसकट."

ती थोडा वेळ घासलेलंच भांडं घासत राहिली. मग म्हणाली, "येत्या आयतवारी मी बसतंय खेळाक. चेटकीण मीच."

*

त्या रविवारी नंदू रजा टाकून सकाळपासूनच आला होता. शेवटचा डाव! आणि शाप सुटायची अट मी फार आधी ठरवून ठेवली होती. ज्या तोंडानं शाप दिला, त्याच तोंडानं तो मागे घ्यायचा.

मावशी नवी साडी नेसून मधल्या कदेलावर बसली. तिघं तिच्यासमोर.

नंदू आधी. "म्हातारे, शाप काढ, नायतर तलवार काढतंय!" फासा टाकला. फसला. रोहिणीनं पाच मुद्द्यांचं भाषण केलं, शाळेत करते तसं. फासा टाकला. फसला. दत्ता नुसताच मावशीच्या पायाशी बसला, "मावशे, भुरगीं उपाशी आसात गो." आणि फासा टाकला. एक आला! वीसपैकी एक! म्हणजे संपलंच सगळं. नंदूनं डोकं धरलं.

मावशीनं वाकून फासा पाहिला. "ही सुपारी काय म्हणता?"

"नाही म्हणते, मावशी."

"तिका काय कळता? शाप माझो हा!" तिनं फासा उचलून पानाच्या डब्यात टाकला आणि झाकण लावलं. "सांग, काय बोलूचां?"

मी म्हटलं, "चेटकीण जिच्यावर पहिल्यांदा रागावली, तिला नावानं हाक मारायची. एवढंच." खेळात ती एक राणी होती; तिच्यासाठी मी एक लांबलचक नाव शोधून ठेवलं होतं, ते सांगायला तोंड उघडलं आणि का कोण जाणे, मिटलं.

मावशीनं एकदा अंगणाकडे पाहिलं. मग तिनं कमरेचा बटणांचा फोन काढला. मला वाटलं, नंबर लावायला आमच्यापैकी कोणाला तरी देईल. तिनं स्वतःच लावला, न बघता. कानाला लावला की तिला नीट ऐकू येत नाही म्हणून तिचा फोन कायम स्पीकरवर. घंटी वाजत राहिली.

पलीकडे कोणीतरी उचलला.

"शाले..." मावशी म्हणाली.

पलीकडे नुसता पंख्याचा आवाज. नंदूनं माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. मग पलीकडून एक घोगरा आवाज आला.

"इतकी वर्सां लागली तुका? हुमण निवलां मगो!"

मावशीनं पदरानं डोळे पुसले, नाक पुसलं, फोन तोंडाजवळ घेतला.

"तेफळां घातलंस?"