वंदनाचं पोटॅशियम

वंदना गेल्याचा तिच्या भावाचा, दीपकचा फोन आला तेव्हा पंचगंगेचं पाणी अजून महामार्गावर होतं. ती शिरोलीत, मी शहरात. एरवी रिक्षानं सहज जाण्याजोगं अंतर, पण त्या दिवशी मला तिच्या मातीलाही जाता आलं नाही...

आम्ही एकाच ज्युनिअर कॉलेजात शिकवायचो. मी मराठी, ती केमिस्ट्री. माझा तास नसला की मी तिच्या लॅबच्या दाराशी उभी राहायचे. रॉकेलमध्ये बुडवून ठेवलेल्या सोडियमचा ती मुगाएवढा तुकडा कापायची आणि पाण्यात टाकायची. तो फुसफुसत पाण्यावर पळायचा, कधी पेटही घ्यायचा. एकदा एका मुलीनं विचारलं, "मॅडम, मग मिठातलं सोडियम आपण खातोय की. ते कसं पेटत न्हाई?" वंदना खूश झाली. म्हणाली, "कारण तो आता नुसता अणू राहिलेला नाही, आयन झालाय." मग तिनं फळ्यावर काढून दाखवलं. सोडियमच्या केंद्रकात अकरा प्रोटॉन, भोवती अकरा इलेक्ट्रॉन. पण शेवटच्या कक्षेत एकटाच, तो संयुजा इलेक्ट्रॉन, आणि सगळी धडपड त्याच्यापायी. क्लोरीनच्या शेवटच्या कक्षेत सात, त्याला एक हवा असतो. सोडियमनं आपला देऊन टाकला की मागची आठांची भरलेली कक्षा उरते, अणूवर एक धनप्रभार येतो आणि तो शांत होतो. घेणारा क्लोरीन ऋण आयन होतो. "नाव तेच, केंद्रक तेच. स्वभाव मात्र पार बदलला," ती म्हणाली.

चाळिशीच्या आतच तिच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा शहरात येऊन डायलिसिस, उरलेले दिवस कॉलेज. नारळपाणी बंद झालं, ते तिच्या आईला पटेना. "नारळपाणी कुणाला बाधतंय व्हय? आजारी माणसाला तेच देत्यात की." वंदनानं अंथरुणात बसून आईचाही तास घेतला. "आई, त्यात पोटॅशियम हाय. सोडियमच्याच घरातलं. तेबी शेवटचा इलेक्ट्रॉन सोडून शांत झालेलं. त्याच्यावरच काळीज चालतंय. पण जास्तीचं किडनी भाईर टाकती, माझी टाकत न्हाई. साठलं की काळीज थांबतंय."

"शांत झालंय म्हणतीस, आन् जीव घेतंय?" आईनं विचारलं.

दीपकची किडनी जुळली होती. तो एमआयडीसीत फौंड्रीत कामाला. "दोन हायेत की, एक घे," एवढंच तो बहिणीला म्हणाला होता. दिवाळीनंतर ऑपरेशन करायचं ठरत होतं.

ऑगस्टमध्ये पूर आला. रस्ता बंद झाला त्याच दिवशी तिची डायलिसिसची पाळी होती. दीपकनं तिला ट्रॅक्टरवर बसवून पाण्याच्या कडेपर्यंत नेलं, पण ओढ बघून ट्रॅक्टरवाल्यानं मागं वळवलं. सांगलीकडचा रस्ताही पाण्याखाली होता. पुढची पाळीही चुकली. बोट मिळेल म्हणून दीपक पाण्याशी बसून राहिला. संध्याकाळी तिचा मला फोन आला. "पाय उचलत नाहीत गं. ठोके चुकतायत... पोटॅशियम चढलंय." मी म्हणाले, बोट येईल. "येईल," ती म्हणाली. मग, "अकरावीचा आयनांचा धडा अर्धा राहिलाय. घ्यायला सांग कुणाला तरी."

सकाळी बोट आली, तोवर ती गेली होती. पलीकडच्या गल्लीत एक बाळंतीण अडकली होती. तिला न्या म्हणून दीपकनं बोट तिकडं पाठवली.

पाणी ओसरल्यावर मी भेटायला गेले. वंदनाच्या आईला मी मावशी म्हणायचे. त्या गॅसपाशी उभ्या होत्या. पातेल्यात बटाट्याच्या फोडी उकळत होत्या. उकळी आल्यावर त्यांनी ते पाणी मोरीत ओतलं, नवं घातलं आणि पातेलं पुन्हा गॅसवर चढवलं. फोडींतलं पोटॅशियम पाण्यात उतरतं, ते पाणी टाकून द्यायचं, हे वंदनानंच त्यांना शिकवलं होतं. आता घरात मायलेक दोघंच, दोघंही धडधाकट.

"मावशी, आता कशाला?" मी विचारलं.

"हात तसाच जातोय," त्या म्हणाल्या, आणि दुसरं पाणीही ओतून दिलं.