सुतकात निघालेली पोर

आम्ही नवरा-बायकोने मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे नातीच्या बॅगेचं वजन. काटा माणसांचा, बॅग त्यावर उभी राहीना. म्हणून मी बॅग उचलून काट्यावर चढलो आणि बायको खाली वाकून आकडा बघायला लागली. चष्मा आत राहिलेला, तो आणायला काय जाईना. मलाच म्हणते, "हलू नका वो, काटा पण तुमच्यासारखाच थरथरतोय." मग मला बॅगेशिवाय चढवलं. वजाबाकी दोघांनाही जमेना, ती शेवटी नातीने हसत हसत केली. वजन जास्त भरलं. बायकोने बॅग उघडून दोन ड्रेस बाहेर काढले आणि तांदळाच्या पिठाची पिशवी तशीच ठेवली. म्हणाली, कपडे तिथे धुवून घालता येतात, पीठ कोण देणार आहे तिला?

नात इमारतींचं शिकते, ठाण्याच्या कॉलेजात. इटलीतल्या एका लहान गावात उन्हाळ्यात वर्ग भरतो, जुन्या दगडी भिंती चुन्याने कशा दुरुस्त करायच्या ते शिकवतात. तिथे तिचा नंबर लागलेला. मी शाळा फारशी पाहिली नाही, जवानी मिठागरात गेली, नंतर जमिनीवर बिल्डिंगी आल्या. मी म्हणालो, आपल्याच गावातल्या भिंती पाडल्या, त्या नव्हत्या का शिकायला? बायको म्हणाली, म्हणून तर जाऊ दे, तिथे तरी उभ्या आहेत. व्हिसाच्या कागदांसाठी नात मुंबईला गेली तर ही सोबत गेली, दिवसभर बाहेर सावलीत बसली, आणि घरी येऊन अशी बोलत सुटली की व्हिसा हिलाच मिळाला.

बॅगेचं वजन केलं त्याच्या दुसऱ्या सकाळी बायको ओट्याजवळ खाली बसली. कसंसं होतंय म्हणाली. मुलाने गाडीत घातलं. दवाखान्यात मला बाहेर बाकावर बसवलं, आणि मुलगा येऊन सांगत होता, बाबा, बघतायत अजून. ती तेव्हाच गेलेली. मला धक्का बसू नये म्हणून त्याने लपवलं. त्याचा राग नाही, पण तेव्हापासून कोणी "काही नाही, सगळं ठीक आहे" म्हणालं की मला ते खरं वाटत नाही.

नातीची जायची तारीख सुतकात आली. दहावं झालेलं, तेरावं व्हायचं होतं. आमच्यात तेराव्याशिवाय देवळाची पायरी चढत नाहीत, घरातल्या देवापुढे दिवा लावत नाहीत. कुठे लांब निघालं तर आधी गावदेवीची ओटी भरायची, तिला सांगायचं आणि मग उंबरा ओलांडायचा, ही रीत. आता ओटी कोण भरणार आणि सांगणार कोण? भावकीतल्या म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली. मुलगा म्हणाला, आईची इच्छा होती. मला तर एवढंच दिसत होतं, की घरातलं एक माणूस सकाळी उभं होतं आणि दुपारी नव्हतं. दुसरं माणूस डोळ्याआड धाडायची माझी छाती नव्हती. पोर माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, "आबा, तुम्ही नको म्हणालात तर मी नाय जाणार. मनापासून सांगते." नको म्हणायला मी तोंड उघडलं. बॅग भिंतीशी होती, बायकोने ठेवली तिथेच. तोंडातून निघालं, "तिने भरलीय. आता उपसणार कोण?"

संध्याकाळी गाडी निघाली. मी देवळाच्या वळणापर्यंत सोबत गेलो. देऊळ आता दोन टॉवरच्या मधोमध आहे, रस्त्यावरून कळस तेवढा दिसतो. पोर गाडीतच बसून राहिली, तिने तिथूनच हात जोडले. मी उतरलो. गाडी गेली तरी मी रस्त्याच्या अलीकडेच उभा. देवीशी मला कधी गोड बोलता आलं नाही, बोलायचं खातं बायकोचं होतं. मी म्हणालो, बघ बाई, आम्हाला आत यायची बंदी आहे. तूच बाहेर ये. पोर एकटी चालली.

विमान उतरलं तेव्हा तिचा मेसेज आला. आता ट्रेन पकडते, दुपारपर्यंत पोचून फोन करते. दुपार झाली, फोन नाही. मुलाने लावला, लागेना. रविवार होता, तिच्या तिकडच्या शाळेच्या ऑफिसात कोणी नव्हतं. नंबर लावला की एक बाई त्यांच्या भाषेत काहीतरी बोलायची, दर वेळी तेच आणि त्याच आवाजात. काय म्हणते ती, असं मी विचारलं. मुलगा म्हणाला, ऑफिस बंद आहे म्हणत असेल बाबा, काही नाही. तेच ते "काही नाही". मला वाटलं, ही बाई खरं ते सांगतेय आणि पोरगा माझ्यापासून लपवतोय.  सून भात घेऊन आली, तो मी तसाच परत पाठवला. फाटक वाजलं की वाटायचं, पोलीस आले. सुतकात धाडली, देवीला न सांगता धाडली, आता भोगा, असं कोणीतरी कानात बोलत होतं. बायको असती तर मला ओरडली असती, आणि आता ओरडायलाही ती नव्हती.

दिवेलागणीला फोन वाजला, नंबर अनोळखी. मुलाने कानाला लावला आणि लगेच माझ्याकडे दिला. वाटलं, संपलं. पलीकडून एक बाई चक्क आपल्या बोलीत बोलली, "बाबा, पोर माझ्याजवळ हाय. जेवली ती. आता तुम्ही जेवा."

झालं असं होतं. विमान उशिरा उतरलं, म्हणून पोरीची पहिली ट्रेन हुकली. दुसरीने ती मधल्या एका स्टेशनावर उतरली, तर पुढच्या गावची बस रविवारची नव्हती. फोन बंद पडलेला. उन्हात बाकावर बसून रडत ती स्वतःशीच बोलत होती, अगो आजी, आता मी काय करू? समोरून एक म्हातारी नन चालली होती. ती थांबली, मागे वळली आणि म्हणाली, "कुठची गो बाय तू?" वसईकडची बाई, कैक वर्षांपासून तिकडेच. दुसऱ्या एका ननला ट्रेनमध्ये बसवायला आलेली. तीही ट्रेन उशिरा होती म्हणून अजून स्टेशनावर होती, नाहीतर केव्हाच परत गेली असती. पोरीला मठात नेलं, भात आणि माशाचं कालवण वाढलं, आपल्या फोनवरून आधी आम्हाला फोन लावला, आणि मग स्वतः गाडी चालवत तिच्या शाळेच्या दारात सोडून आली. पोर मला नंतर म्हणाली, आबा, "बाय" म्हटलं ना तिने, मला वाटलं आजीच आली.

ती बाई येशूची, आम्ही देवीचे. कोणी कोणाला निरोप दिला ते मला ठाऊक नाही, आणि मी विचारायलाही जाणार नाही. ट्रेन उशिरा येतात, माणसं भेटतात, असं मुलगा म्हणतो. म्हणू दे, त्याचंही खोटं नाही. मला एवढंच कळलं, की पायरी चढायची बंदी आम्हाला होती, पायरी उतरायची बंदी देवीला कोणी घातली नव्हती. माझ्या मुठीत कोणी राहिलं नाही. बायको तर गाडीत मी हात धरून बसलेलो तेव्हाच सुटत चाललेली, आणि पोर हात सोडल्यावर सांभाळली गेली. धरणारा मी नाही. हे कळायला मला एवढं म्हातारं व्हावं लागलं. ज्याने कोणी पोरीला त्या बाकावर गाठलं, त्याच्या पायाशी माझं डोकं.

त्या संध्याकाळीही मी जेवलो नाही. नुसता पडून होतो, डोळे केव्हा लागले कळलं नाही. जाग आली तेव्हा ऊन खिडकीतून अंथरुणावर आलेलं आणि मुलगा तेराव्याच्या तयारीला निघून गेलेला. मी उठलो, आंघोळ केली, आणि स्वयंपाकघरात जाऊन सुनेला म्हटलं, भूक लागली. तिने लगेच तवा ठेवला.